बॉयलर सूटची कॅसेट

कॅसेट मी पुसली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की वैशाली केणे फिरवून फिरवून बोलते. सत्तावीस वर्षांपूर्वी, मे महिन्यात, भर मांडवात, माझ्या ह्या दोन हातांनी पुसली आणि तेव्हापासून कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. काढायची वेळच आली नव्हती. ती वेळ आता रविवारी सकाळी अकरा वाजता पुण्याहून गाडी करून येणार होती.

मी रक्त काढते. म्हणजे वागळे इस्टेटच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सव्वीस वर्षं झाली. रडणारी पोरं, हातात नुसती हाडं उरलेली म्हातारी माणसं, शीर न सापडणारे जाडे लोक, सगळ्यांचं पहिल्या टोचणीत. त्या रविवारच्या आधीच्या पंधरवड्यात मात्र एका बाईला तीनदा टोचलं. ती म्हणाली, "नवीन आहात का?" 

सुरुवात झाली ती आमच्या माजिवडा गावठाणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून. कुणीतरी एक जुना व्हिडिओ टाकला. पंच्याण्णव सालची टेंभी नाक्याची नवरात्र, ऑर्केस्ट्राच्या मध्यंतरात वीस मिनिटं रिकामी होती म्हणून चार पोरांना स्टेज दिलेलं. दिसत होते त्या तिघांच्या अंगावर कंपनीचे निळे बॉयलर सूट, वडिलांचे असणार, कारण एकालाही मापात नव्हते. पुढे गिटार घेऊन उभा असलेला काटकुळा, केसाळ मुलगा म्हणजे आमचे हे, सहदेव केणे. आवाज एवढा फाटलेला की शब्द अर्धेच कळत होते. पण लोकांनी तो व्हिडिओ इकडून तिकडे पाठवला, मग कुणी इंटरनेटवर चढवला, आणि आठ दिवसांत मराठीत तीस वर्षांपूर्वी रॉक वाजवणारा 'बॉयलर सूट' नावाचा बँड होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं जो तो म्हणायला लागला.

ह्यांचं वय छप्पन्न. माजिवड्यालाच एका टॉवरमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर आहेत. लिफ्ट अडकली, पंप बंद पडला, पार्किंगमध्ये भांडण झालं की केणेंना बोलवा. त्या माणसाबरोबर पोरं सेल्फी काढायला लागली. गावठाणातल्या मंडळाने शाल आणि नारळ दिला. ह्यांनी केस काळे केले, काळा टी-शर्ट आणला, तो पोटावर ताणून बसायचा. मी हसले तर म्हणाले, "कलाकाराला हसू नये." मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून ह्या माणसाला इतकं ताठ बसलेलं मी बघितलं नव्हतं.

मग रुचिताचा फोन आला. ही पुण्याची, तिशीची पोरगी. असे विसरलेले बँड शोधून त्यांची गाणी नव्याने काढणं हाच तिचा धंदा. म्हणाली, "सर, व्हिडिओतला आवाज वापरता येण्यासारखा नाही. तुमची स्टुडिओत केलेली कॅसेट होती ना?" हे म्हणाले, "होती की. घरातच असेल. बायकोकडे असतात सगळ्या जुन्या वस्तू." फोन स्पीकरवर होता. मी पोळी लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

"मग मी मशीन घेऊन येते, रविवारी," रुचिता म्हणाली. "सहा गाणी आहेत म्हणालात ना? नीट निघाली तर आपण रेकॉर्ड काढू. थाळीसारखी, जुनी, काळी."

कॅसेट कपाटातच होती. लग्नाच्या कागदपत्रांच्या डब्यात. वर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं, 'बॉयलर सूट, फायनल'. आणि आत माझी आई.

आता ते सांगायला हवं. आमच्या आगरी लग्नात धवलारीन लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीचं गाणं ती म्हणते, त्याला धवला म्हणतात. माझी आई, गंगुबाई, भोपरची धवलारीन. दहा गावांतून तिला बोलावणं यायचं. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं पाठ. मी कितीदा म्हटलं, आई, घरी बसून म्हण, मी टेप करते. ती ऐकायचीच नाही. "लगीन नाय त धवला नाय, बाय." उगाच म्हणायचा नसतो. म्हणून अठ्ठ्याण्णवला माझ्या चुलतभावाचं, रघूचं लग्न निघालं तेव्हा मी टेपरेकॉर्डर आणि नवी कोरी कॅसेट घेऊन भोपरला गेलेले. आई तेव्हाच खंगलेली होती. मला दिसत होतं, बाकी कुणी बोलत नव्हतं.

दहा मिनिटं झाली आणि मशीनने नवी कॅसेट चावली. फीत बाहेर, गुंता झालेला. आई गातेय. धवला एकदा सुरू झाला की मध्ये थांबवत नाहीत, तुटला तर नवरानवरीला बरं नसतं असं आमच्यात मानतात. आणि थांबवला असता तरी पुन्हा कधी? टेपरेकॉर्डरच्या पिशवीत ह्यांची एक कॅसेट पडलेली होती. तिच्या मागच्या दोन्ही पट्ट्या तोडलेल्या. पट्टी तोडली की त्यावर रेकॉर्डिंग होत नाही, हे मला माहीत होतं. आणि तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली की होतं, हेही माहीत होतं. समोर आहेराच्या वस्तू बांधायला चिकटपट्टीची गुंडाळी ठेवलेली. म्हणजे चुकून झालं असं मी म्हणूच शकत नाही. तुकडे फाडून मी लावले. लाल बटण दाबलं. तासभर, दोन्ही बाजू, आई गात राहिली. चार महिन्यांनी ती गेली.

तेव्हा आमच्या लग्नाला वर्ष झालेलं. बँड त्याआधीच मोडलेला, मी काही त्यांना वाजवताना बघितलेलं नाही. ह्यांनी गिटार विकून टाकलेली आणि कॅसेटचं नावही काढायचे नाहीत. मी ती एकदा लावून बघितलेली, नुसता धाडधाड आवाज, दोन मिनिटांत बंद केली. त्यामुळे परत आणून गुपचूप डब्यात ठेवली, आणि हे सकाळपाळीला गेले की कधीकधी दार लावून आईला ऐकायचे. टेपरेकॉर्डर बिघडला तेव्हा तेही संपलं.

आता सांगा, मी कुठल्या तोंडाने बोलणार होते? 'तुमच्या आयुष्यात एक गोष्ट घडली, ती मी पुसली, चिकटपट्टी लावून.' रोज ठरवायचे, आज सांगू. रोज हे टॉवरवरून यायचे तेच कुणाचा तरी मेसेज दाखवत. कोल्हापूरचा कोणी, बडोद्याचा कोणी. मी मेसेज वाचायचे आणि फोन परत द्यायचे.

एक गोष्ट मला खटकत होती. हे कॅसेट मागत नव्हते. एकदाही नाही. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, रविवार जवळ येतोय, आणि ह्या माणसाला एकदा वाजवून बघावीशी वाटत नाही? मला वाटलं, माझ्यावर विश्वास आहे. ह्या विचाराने तर मी आणखीच मेले.

बुधवारी रुचिताने रेकॉर्डच्या कव्हरमागे छापायचा मजकूर ह्यांना पाठवला. ह्यांनी कौतुकाने माझ्या हातात फोन दिला. 'गीत व गायन: सहदेव केणे.' खाली 'दोन बोटं' ह्या गाण्याबद्दल होतं. 'दोन बोटं कंपनीत राहिली, आठ घेऊन बाप घरी आला' अशी त्याची ओळ, व्हिडिओत तेवढीच नीट ऐकू येत होती. रुचिताने लिहिलं होतं की सहदेव यांच्या वडिलांनी वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस मशीनवर दोन बोटं गमावली, त्यातून हे गाणं आलं.

मी दोनदा वाचलं. माझे सासरे अंथरुणाला खिळलेले तेव्हा शेवटचं दीड वर्ष त्यांची नखं मी कापलेली आहेत. दहा बोटं होती. मोजायची गरज नव्हती.

"अहो, हे काय? मामंजींची बोटं कधी तुटली?"

"गाणं आहे ते," हे म्हणाले. "गाण्यात तसं घ्यावं लागतं. तिने विचारलं वडिलांबद्दल आहे का, मी हो म्हटलं."

"हो म्हटलं?"

"आमच्या वडिलांच्या पिढीबद्दल आहे, ह्या अर्थाने. तू आता कीस काढू नको." आणि फोन घेऊन गॅलरीत गेले.

 माझ्याच पोटात एवढं पाप असताना दुसऱ्याचं काय काढणार? पण रविवारला तीन दिवस उरलेले. मला दुसरी कॅसेट हवी होती, कुठूनही. व्हिडिओखाली लोकांनी जे काय काय लिहिलेलं त्यात एकाने लिहिलेलं होतं, 'मागे ड्रमवर धम्मपाल रोकडे, आमच्या कोळसेवाडीत मिक्सर रिपेअर करतात.' ड्रमवाला व्हिडिओत दिसतच नाही. पुढ्यात मोठा स्पीकर ठेवलाय, वर-खाली होणाऱ्या काठ्या तेवढ्या दिसतात. ह्यांना मी एकदा विचारलेलं, तो कुठे असतो? "नोकरी लागली, सोडून गेला," एवढंच उत्तर.

गुरुवारी लॅबमध्ये अर्धी रजा टाकली आणि माजिवड्याहून कल्याणची बस धरली. मेट्रोच्या खांबांमधून ती बस अशी रखडत गेली की दुर्गाडीला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात चार वेळा परत फिरले. कल्याण पूर्वेला रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर म्हणाला, "धम्मादादा ना? बसा."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. टेबलावर पोट उघडलेला मिक्सर, भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि हार घातलेला एका म्हाताऱ्याचा फोटो. पांढऱ्या मिशीचा बारीक माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता.

"मी वैशाली केणे. सहदेव केण्यांची मिसेस."

त्यांनी हातातला स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला. "बसा वहिनी. शालन, पाणी आण गं. केणे वहिनी आल्यात."

त्यांची बायको पाणी घेऊन आली, पेला माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "तीस वर्षांनी आठवण झाली होय?"

"शालन," ते म्हणाले.

"खरं तेच बोलले," ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

मी सगळं सांगितलं. आई, मांडव, चिकटपट्टी. नवऱ्याला जे सत्तावीस वर्षांत सांगता आलं नाही ते ह्या अनोळखी माणसाला दहा मिनिटांत सांगून टाकलं आणि रडू आलं. शालनताईंनी पदराने स्वतःचा चेहरा पुसला, माझ्याकडे बघितलं नाही. धम्मपाल म्हणाले, "स्टुडिओवाल्याने दोन कॉपी दिलेल्या. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे." त्यांनी वरच्या फळीवरून डबा काढला. कॅसेट स्वच्छ होती, फडक्यात गुंडाळलेली. टेबलाच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा एक टेप होताच. त्यांनी ती लावली.

मला वाटलेलं धाडधाड असेल. धाडधाड होतंच. पण मग एक आवाज आला, खर्जातला, रुंद, शब्द चावून म्हणणारा. 'भोंगा वाजू दे, आज मी जाणार नाही.' अंगावर काटा आला. हा आवाज ह्यांचा नव्हता. अठ्ठावीस वर्षं मी ह्यांना न्हाणीघरात गाताना ऐकतेय, तो नाकातला, पातळ आवाज कितीही तरुण केला तरी हा होणार नव्हता. मी धम्मपालांकडे बघितलं. ते मान खाली घालून मिक्सरचा स्क्रू आवळत होते आणि त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते.

"तुम्ही गायलाय?"

"ड्रमवर बसून गायचो. पुढून दिसायचो नाही."

"आणि लिहिलंय कोणी?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर भिंतीकडे केला. मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. हार घातलेले गृहस्थ खुर्चीत बसलेले, उजवा हात गुडघ्यावर. हाताला तीनच बोटं.

"वडील," धम्मपाल म्हणाले. "सखाराम रोकडे. प्रेस शॉपला होते."

मग त्यांनी कॅसेटच्या डबीतून एक पिवळट कार्ड काढून मला दिलं. छापखान्याचं प्रूफ. चार बॉयलर सूट, आणि खाली, 'गीत व गायन: सहदेव केणे'. तेव्हाचंच, शहाण्णव सालचं.

"पाचशे कॅसेट काढणार होतो," ते म्हणाले. "सहदेव हे छापून घेऊन आला. मी म्हटलं, अरे हे काय? तर म्हणाला, धम्मा, गैरसमज करून घेऊ नको, पण तुझं नाव बघितलं की दुकानदार ती भीमगीतांच्या रांगेत ठेवणार. मग रॉक ऐकणारा तिथे पोचणारच नाही. आपल्या सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणतोय."

"मग?"

"मग काय. काठ्या ठेवल्या आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं." मग म्हणाले, "तो वाईट मनाने बोलला असता ना, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरलो असतो. त्याला खरंच वाटत होतं की तो माझं भलं करतोय."

मला मान वर करता येईना. पाण्याचा पेला अर्धा होता, तो मी उगाच संपवला.

कॅसेट त्यांनी फडक्यासकट माझ्या पर्समध्ये ठेवली. शालनताई म्हणाल्या, "देऊ नका." ते म्हणाले, "राहू दे. मला काही नको, वहिनी. फक्त वाजवाल तेव्हा त्याला समोर बसवा." मी कबूल केलं. शालनताईंनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं, धम्मपालांचा फोन नंबर लिहून दिला, माझा लिहून घेतला आणि रिक्षात बसताना म्हणाल्या, "हरवू नका म्हणजे झालं."

परतीच्या बसमध्ये मी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसलेले. जाताना एक भीती होती, येताना दोन झाल्या. माझं पाप सांगायचं तर होतंच. पण आता नवऱ्याचं पापही माझ्याच पर्समध्ये आलेलं. आणि राग म्हणाल तर असा आलेला की टॉवरवर जाऊन चारचौघांसमोर हाक मारावी. पण राग आला की डोळ्यांसमोर तो काळा टी-शर्ट यायचा, लोकांनी फोटो मागितल्यावरचं ते लाजणं यायचं. ह्या माणसाच्या आयुष्यात दुसरं काय चांगलं झालंय? दोन आठवडे. तेही मीच काढून घ्यायचे?

शेवटी ठरवलं की आधी माझं सांगायचं. मी खरं बोलले की ह्यांनाही बोलायला वाट होईल.

शनिवारी दुपारी हे झोपून उठले तेव्हा मी समोर बसले आणि सांगितलं. एका दमात. मला वाटलं आता हे ओरडणार, काहीतरी फेकणार. मी तयारीतच होते.

ह्यांनी श्वास सोडला. खांदे खाली आले. मी समोरच बसलेले, मला स्पष्ट दिसलं, ह्या माणसाला सुटल्यासारखं झालं होतं. चेहरा असा मोकळा झाला की मी घाबरले.

"म्हणजे काहीच राहिलं नाही?"

"नाही. पूर्ण आईच आहे."

"अगं मग एवढं रडतेस काय? जाऊ दे. आईचा आवाज राहिला ना? ते जास्त महत्त्वाचं." उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रुचिताला सांगू, बुरशी लागली. पावसाळ्यात लागतेच. व्हिडिओवरून काय होईल ते होईल."

अठ्ठावीस वर्षांत माझी एवढी मोठी चूक ह्यांनी इतक्या पटकन माफ केलेली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर दोन दिवस ऐकवणारा माणूस. मी म्हटलं, "अहो, त्यात गायलं कोणी होतं?"

"आमचा बँड होता गं. सगळेच गायचो."

"सगळेच?"

"आता तू काय मुलाखत घेतेस?" असं म्हणून हे हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा टाकला. मलाही दिला. तो तसाच गार झाला.

पर्स खुंटीला होती. मी संध्याकाळभर तिच्याकडे बघत होते. सांगू का, की कॉपी आहे? सांगितलं तर हे ती फेकून देतील का? माझ्या नवऱ्याबद्दल मला असं वाटावं, ह्याचीच लाज वाटली. आणि वाटलं ते वाटलंच. मी पर्स उशाशी घेऊन झोपले.

रुचिता बरोबर अकराला आली. जाड चष्मा, पाठीवर बॅग, हातात पेटीएवढं मशीन. आल्या आल्या ह्यांच्या पाया पडली. बुरशीचं ऐकल्यावर पोरीचा चेहरा एवढासा झाला. "थोडंसंही नाही, सर? मी साफ करून बघते ना, माझ्याकडे औषध असतं."

"फेकून दिली," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता.

खोटं किती सहज निघालं! मी सोफ्याच्या कडेला बसलेले, हात मांडीवर घट्ट धरलेले. रुचिताने वही काढली. म्हणाली, "ठीक आहे. मग व्हिडिओतलीच दोन गाणी काढू, जशी आहेत तशी. निदान नाव तरी नोंदलं जाईल. पुन्हा कुणी विसरायला नको." आणि वाचायला लागली. "गीत व गायन, सहदेव केणे. वडिलांच्या दोन बोटांचं…"

"बरोबर," हे म्हणाले.

मी उठले.  पर्समधून फडकं काढलं, सोडलं आणि कॅसेट त्या पोरीच्या वहीवर ठेवली.

"बुरशी नाही लागली. आमच्याकडची मी पुसली, तिच्यावर माझ्या आईचे धवले आहेत. ही दुसरी. कल्याणहून आणलीय. लाव."

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "वैशाली," एवढंच म्हणाले. अठ्ठावीस वर्षांत मला कधी अशा आवाजात हाक मारलेली नाही. मला वाटलं आता जाऊन मशीनवर हात ठेवावा आणि सांगावं, राहू दे, नको. पण मी कबूल केलेलं होतं. मी ह्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले.

रुचिताला काही कळलं नाही. ती हरखून गेली. कॅसेट लावली, हेडफोन न लावता खोलीतच आवाज सोडला. भोंग्याचं गाणं. तो रुंद आवाज आमच्या हॉलमध्ये भरला. रुचिताने डोळे मिटले. "सर! काय आवाज होता तुमचा!"

  मला बोलायचं नव्हतं. मी बोलले असते तर ते माझं झालं असतं. मी नुसती ह्यांच्याकडे बघत होते, आणि मनात एकच, बोल, बोल ना रे. इतकी वर्षं अहोजाहो करतेय, मनात मात्र अरेतुरेच आलं.

दुसरं गाणं सुरू झालं. 'दोन बोटं कंपनीत राहिली.' रुचिता हळूच म्हणाली, "बाबांची आठवण येत असेल ना, सर?"

ह्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग पुढे वाकून मशीनचं बटण दाबलं. गाणं तुटलं.

"तो मी नाही."

"म्हणजे?"

"आवाज माझा नाही. गाणी माझी नाहीत. बापही माझा नाही." ह्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "लिही. धम्मपाल सखाराम रोकडे. कोळसेवाडी, कल्याण. सगळं त्याचं. मी गिटार वाजवायचो, तीही बरीचशी चुकायची."

रुचिता एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. पेन वहीवर टेकलेलं, लिहीत मात्र नव्हती. तिचा चेहरा बदलत गेला, ते मला दिसलं आणि ह्यांनाही दिसलं. काळ्या टी-शर्टातला माणूस खुर्चीत एकदम म्हातारा झाला. मला त्याची दया आली आणि रागही गेला नाही, दोन्ही एकदम.

"त्यांचा नंबर आहे?" तिने विचारलं. आता 'सर' म्हणाली नाही.

हे म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "आहे." आणि लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. चार वेळा वाजला. पाचव्या वेळी उचलला.

"बोला वहिनी."

मी फोन ह्यांच्याकडे सरकवला. ह्यांनी तो उचलला नाही, नुसतं तोंड जवळ नेलं.

"धम्मा. मी सहदेव."

 पलीकडे मिक्सरचा आवाज येत होता, तो बंद झाला. रुचिता बघत होती, मी बघत होते. मला वाटलं कट केला. मी वाकून स्क्रीन बघितली. फोन चालूच होता.